धापेचा अर्धा इंच

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या टाचणीमावशींच्या तोंडात दिवसाचे निदान सहा तास टाचण्या असतात. चार-पाच, कधी सात, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओळीने धरलेल्या. त्या वेळात त्यांना काहीही विचारलं तरी त्या फक्त "हं" म्हणतात. हा "हं" होकार नसतो आणि नकारही नसतो. "ऐकलं, आता हलू नका" एवढाच त्याचा अर्थ. नवीन गिऱ्हाइकाला हे कळायला दोन-तीन खेपा लागतात. एका गृहस्थांनी "शनिवारी मिळेल ना कोट?" असं विचारलं, "हं" ऐकून ते खूश होऊन गेले आणि शनिवारी सख्ख्या भावाच्या लग्नात नुसत्या शर्टावर उभे राहिले. फोटोत अजून तसेच आहेत.

मावशी नवे कपडे शिवत नाहीत. त्या जुने कपडे माणसाला पुन्हा बसवून देतात. घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं आवळायचं, थोरलीचा फ्रॉक धाकटीला, वडिलांचा कोट मुलाला. हे काम त्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी, एका भल्यामोठ्या टेबलावर करतात. टेबल त्यांच्या नवऱ्याने केलेलं. तो सुतार होता. लाकूड सुटं वर आणून त्याने ते खोलीतच बसून जोडलं, पाय खुंट्या ठोकून पक्के केले, आणि शेवटचा हात फिरवून झाल्यावर नवरा-बायकोच्या लक्षात आलं, की हे आता दारातून बाहेर जायचं नाही.

"आता?" मावशींनी विचारलं होतं.

"जायचंय कुठे?" नवरा म्हणाला होता.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. टेबलाच्या खालच्या बाजूला त्याच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. खाली पडलेली टाचणी शोधायला वाकल्या, की मावशींना त्या दिसतात. टाचण्या त्यांच्या हातून तशा बऱ्याच पडतात.

मावशींची दुसरी मौल्यवान वस्तू म्हणजे मापाची वही. कापडी बांधणीची, जाडजूड; आताची पाचवी. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. तारीख, छाती, कंबर, बाही, उंची आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. खरी गंमत या रकान्यात असते. "डावा खांदा उतरता." "माप घेताना श्वास कोंडतात." "नणंदेसमोर माप घेऊ नये." हे सारं मावशी आणि वही यांच्यातलं. एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हे त्या ज्या बाईंच्या हाताखाली शिकल्या त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सुई हातात द्यायच्याही आधी.

"डॉक्टरसमोर माणूस पोट आत ओढत नाही," मावशी म्हणतात. "माझ्यासमोर ओढतो. म्हणजे लाज कुठे जास्त, ते बघा."

सगळ्यात जास्त पोट ओढणारं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या इमारतीचे मालक. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. इमारत त्यांना वडिलांकडून मिळाली. वडिलांची देखरेखीची सवय मात्र कागदपत्रांत नमूद नसावी, कारण ती काही त्यांच्याकडे आली नाही. तरी वर्षातून दोनदा मालक "पाहणीला" येत. पाहणी थेट चौथ्या मजल्यावर सुरू होई आणि तिथेच संपे. हातातल्या पिशवीतून दोन पँटी निघत.

"किंचित, मावशी. धुऊन आटल्यात."

मावशी कंबर मोजत. पँट आटलेली नसे. मावशी तसं म्हणत नसत.

"आणि आतली मापाच्या आकड्याची चिंधी तीच परत लावा हं. मूळची."

कारण घरी मालकीणबाई होत्या. त्या नवऱ्याला गेली कित्येक वर्षं उकडलेल्या भाज्या वाढत होत्या, आणि लग्नात होती तीच कंबर आजही आहे असं सगळ्यांना सांगत होत्या. चिंधी बघून त्यांची खात्री पटायची. दर वर्षी मावशी कंबर उसवत, सैल करत, आणि तीच जुनी चिंधी बारीक टाक्यांनी तिथेच बसवून देत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांना काटकसर सुचली. आधी जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. मग संध्याकाळचं पाणी बंद झालं. आणि एप्रिलच्या चार तारखेला लिफ्ट बंद झाली. तशी सूचनाही लागली होती, पण ती लावणाऱ्याने लिफ्टच्या आतल्या भिंतीवर चिकटवली, बाहेर येऊन जाळीचं दार ओढलं आणि कुलूप घातलं. जाळीतून मान तिरकी करून पाहिलं, की शेवटची ओळ तेवढी वाचता येई: "याची सर्वांनी नोंद घ्यावी." आम्ही घेतली.

पाच मजल्यांची इमारत. आम्ही चढउतार करू लागलो. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र उतरणं सोडून दिलं. ते रोज सकाळी कोट घालून बागेत जायचे, बाकावर बसून पेपर वाचायचे. मावशींनी त्यांच्या कोटाला नवं अस्तर लावून वर नेऊन दिलं, तर म्हणाले, "छान झालंय. आता हा घालून मी स्वयंपाकघरात जात जाईन." आणि खरंच ते कोट घालून खिडकीपाशी बसू लागले. खालून जाताना दिसायचे.

मावशींची स्वतःची आपत्ती वेगळीच होती. मेच्या मध्यापासून त्यांची कामं परत येऊ लागली.

आधी शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या. जाकीट छातीत सैल. मग बँकेतले एक जण, कोट सैल. मग एक लठ्ठ जोडपं, दोघंही सैल. तीस वर्षांत मावशींचं माप चुकलं नव्हतं, आणि आता दोन आठवड्यांत सहा कपडे, सगळे सैलच. मावशींची झोप उडाली. त्यांनी नवी मापपट्टी आणली, जुनीशी जुळवून पाहिली. दोन्ही बहिणी-बहिणींसारख्या सारख्या. डोळे तपासून घेतले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग मावशींनी खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन भूगोलाच्या सरांना विचारलं. सर निवृत्त आहेत आणि इमारतीतले सगळे अर्ज तेच लिहितात.

"सर, माणसं आटतात का हो?"

"डोंगर झिजतात," सर म्हणाले. "पण त्याला वेळ लागतो. दोन आठवड्यांत नाही."

उलगडा झाला तो बँकेतल्या गृहस्थांमुळे. ते कोट परत घेऊन आले, मावशींनी माप घेतलं, तेवढ्यात त्यांना फोन आला. ते खुर्चीत बसून दहा मिनिटं कुणाशी तरी भांडले. फोन ठेवल्यावर मावशींनी सहज म्हणून पुन्हा पट्टी लावली. छाती अर्धा इंच कमी.

"भांडल्यावर माणूस कमी होतो का?" गृहस्थांनी विचारलं.

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्यांनी वही ओढली आणि एप्रिलपासूनची पानं उलटली. परत आलेल्या प्रत्येक कपड्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "जिन्याने आले. दम लागला." "जिन्याने. पाणी दिले." "जिन्याने. धाप. बोलवेना." चार मजले चढून आलेला माणूस धापा टाकतो, छाती भात्यासारखी फुगलेली असते, आणि मावशी त्या फुगलेल्या माणसाचं माप घेत होत्या. घरी गेल्यावर तो माणूस निवत होता आणि कपडा लोंबत होता.

ही चूक आमच्या इमारतीखेरीज दुसरीकडे कुणी केली असेल असं वाटत नाही. मावशींनी त्यावर तोडगा काढला. जो बसायला तयार असेल त्याला बसवायचं, घाईत असेल त्याच्या मापातून अर्धा इंच वजा करायचा आणि शेऱ्यात लिहायचं, "धाप. अर्धा वजा." पण मनात राग धुमसत राहिला. पाणी गेलं, दिवा गेला, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या.

"माझं माप बिघडवलं त्याने," त्या सरांना म्हणाल्या. "लिहा तुमचा अर्ज."

सरांनी अर्ज लिहिला. लिफ्ट, पाणी आणि दिवा पूर्ववत करून मिळावेत म्हणून भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयाला. सह्यांसाठी तो मावशींच्या टेबलावर पसरला, कारण तेवढं मोठं टेबल कुणाकडेच नाही. मावशींना अस्तर कापायचं होतं. कागद लवकर उचलला जावा म्हणून त्यांनी आधी आपली सही करून टाकली. तिच्यासकट एकूण चौदा सह्या झाल्या. दोन जूनला अर्ज गेला.

वीस जूनला नोटीस आली. चौदा जणांपैकी एकट्या मावशींना. राहत्या खोलीत धंदा चालवता, सबब महिन्याभरात खोली रिकामी करून द्या.

मावशींनी नोटीस वाचली, घडी केली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. म्हणजे टेबलाचा पाय कधीच हलत नव्हता. पण कुठेतरी ठेवायला हवी होती.

दोन दिवसांनी मालक स्वतः आले. पिशवी न घेता. चार मजले चढल्यामुळे पहिली पाच मिनिटं त्यांना बोलताच आलं नाही. मावशींनी पाणी दिलं आणि कोणाच्या तरी बाहीला टाचण्या लावत राहिल्या.

"मावशी, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण पहिली सही तुमची. म्हणजे सगळ्यांना उठवून बसवलं तुम्ही."

मावशी टाचण्या लावत होत्या.

"तुम्ही तुमचं नाव काढून घ्या. नोटीस मी इथल्या इथे फाडतो. तुम्ही तुमच्या जागी, मी माझ्या जागी. बाकीच्यांचं मी बघून घेतो. काय? काढताय ना नाव?"

"हं," मावशी म्हणाल्या.

मालक हलक्या पावलांनी उतरून गेले. उतरणं सोपंच असतं.

ते गेल्यावर मावशींनी टाचण्या उशीत खोचल्या, मापपट्टी घेतली आणि दार मोजलं. मग टेबल मोजलं. आडवं, उभं, तिरकं. पुन्हा दार मोजलं, जणू एवढ्यात ते रुंद झालं असेल. तीस वर्षं लोकांना जागा करून देणाऱ्या बाईला त्या दारात चार इंच कुठूनही काढता येईनात. खोली सोडायची म्हणजे टेबल कापायचं, एवढंच त्या मोजणीतून निघालं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"आई, कशाला भांडत बसतेस? ये इकडे. टेबल घेऊन देते मी तुला नवीन."

"घडीचं असेल."

"हो, घडीचंच. जागा किती वाचते!"

"मग राहू दे," मावशी म्हणाल्या.

इमारतीत मात्र चुळबूळ सुरू झाली. आज मावशींना नोटीस, उद्या कुणाला? तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना अचानक आठवलं, की आपल्याला लिफ्ट लागतच नाही. त्यांनी नावं काढून घेतली. बाकीचे मावशींच्या टेबलाभोवती जमले. बेकरीवाले दादा पावाची लादी घेऊन आले आणि रागाने स्वतःच निम्मी खाऊन बसले. बोलणं बरंच झालं, ठरलं थोडंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्याच्या जिन्यात एक खुर्ची दिसली. दुपारी दुसऱ्या मजल्यावर, सरांची, पाठीवर उशी बांधलेली. तिसऱ्यावर बेकरीवाल्यांची. मावशींकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाने प्रत्येक मजल्यावर टेकावं, धाप निवू द्यावी आणि मग पुढे चढावं, म्हणून. नोटिशीच्या धास्तीने गिऱ्हाइकं कमी झाली असती, ती उलट वाढली. काही जण तर तिसऱ्या मजल्यावर इतके रमायचे, की वर यायलाच विसरायचे.

जिन्यात खुर्च्या ठेवण्यास मनाई असल्याची सूचना मालकांनी लगेच लावली. लावणारा तोच जुना माणूस. त्याने इमानेइतबारे कुलूप काढलं, ती लिफ्टच्या आत चिकटवली आणि कुलूप घातलं. आम्ही कुणीच ती वाचली नाही.

सुनावणीची तारीख लागली. मालकांचं म्हणणं लेखी आलं, ते सरांनी मावशींना वाचून दाखवलं. लिफ्ट व्यवस्थित चालू होती, ती जूनच्या दहा तारखेला दुरुस्तीसाठी बंद केली, तेव्हा भाडेकरूंचा अर्ज मुळातच खोटा. आणि सदर बाई कपड्यांचं काम करतात हे मालकांना जूनमध्येच प्रथम कळलं, तेव्हा नोटिशीचा आणि अर्जाचा काहीही संबंध नाही.

"प्रथम कळलं!" मावशी म्हणाल्या.

"लिफ्टचा फोटो मी काढलाय," सर म्हणाले. "पण त्यांचे वकील म्हणणार, लिफ्टचं दार बंद दिसतंय, ते बंदच असतं. तारखेनिशी काहीतरी हवं. तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवलेलं." त्यांची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. मग मावशींवर. "मावशी, मालकांचं पान आहे का हो तुमच्याकडे?"

मावशींनी वहीवर हात ठेवला.

"मापं दाखवायची नसतात, सर."

"अहो, खोली जाईल!"

"माहीत आहे."

"त्याने दया केली का तुमच्यावर?"

"त्याच्याकडे ते काम नाही. माझ्याकडे आहे. आज त्याची कंबर चारचौघांत काढली, तर उद्या माझ्यासमोर कोण सरळ उभं राहील?"

सर दोन दिवस रागावून वर आले नाहीत. मावशी वही उघडत आणि मिटत. मालकांचं पान चांगलं भरलेलं होतं; अठरा वर्षांच्या नोंदी जुन्या वह्यांतून त्यांनी याच पानावर उतरवून घेतल्या होत्या. शेवटची नोंद नऊ एप्रिलची. "जिन्याने आले. दम लागला. दोन पेले पाणी." त्या वेळच्या पँटीही सैल झाल्या असणारच, पण मालक ती तक्रार घेऊन कधी आले नाहीत. सैल पँट ही ज्याला तक्रार वाटली नाही असं ते एकमेव गिऱ्हाईक.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मावशींनी अस्तराच्या कापडाची एक लांब पट्टी कापली. आकड्यांच्या रकान्यांवर ती बरोबर बसवली आणि कडेने पानाला लांबलांब कच्चे टाके घातले. तारखा उघड्या, शेरे उघडे, मधलं सगळं झाकलेलं. मग वही पिशवीत घालून त्या सरांकडे गेल्या.

"चला उद्या. एवढंच दिसेल."

कार्यालयाची खोली लहान होती. दोन बाकं, एक कुरकुरणारा पंखा, आणि टेबलामागे अधिकारी बाई. त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच लांब होती. मावशींचं लक्ष सारखं तिकडे.

"आत्ता काही बोलू नका," सर कुजबुजले. "लाच होईल ती."

पलीकडच्या बाकावर मालक, त्यांचे तरुण वकील आणि मांडीवर फाईल घेतलेल्या मालकीणबाई होत्या. इमारतीवर दोघांचं नाव आहे. आमच्या बाजूला जागा पुरेना म्हणून आम्ही अर्धे दारात उभे होतो.

वकिलांनी सुरुवात झोकात केली. "शिवाय या बाईंनी माझ्या अशिलासमोर आपलं नाव मागे घ्यायचं कबूल केलं होतं."

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?" अधिकारी बाईंनी मावशींना विचारलं.

"हं," मावशी म्हणाल्या.

दारातून हशा उसळला. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सरांनी उभं राहून, वर्गात ऋतू समजावून द्यावेत तसं, टाचण्यांचं प्रकरण समजावून दिलं.

"तोंडात टाचण्या असताना मी कुणालाच हो म्हणत नाही," मावशींनी भर घातली. "नाहीतर पोचायच्या पोटात." मग त्यांनी वही पुढे केली.

अधिकारी बाईंनी पान वाचलं. वरचा शेरा वाचला, खालचा वाचला. बोटाने अस्तराची पट्टी चाचपली.

"हे कुणाचं पान आहे?"

"वर नाव नाही, मालक एवढंच लिहिलंय. मी सगळ्यांना असंच लिहिते. बँकवाले, चित्रकलावाल्या."

"म्हणजे कुठलाही मालक!" वकील ताडकन उठले. "बेकरीचा मालक, दुकानाचा मालक! आणि पुरावा असा झाकून कसा देता येईल? पट्टीखाली काय आहे?"

"आकडे," मावशी म्हणाल्या.

"उसवा ती पट्टी. माझी हरकत आहे. आत्ता इथे, सगळ्यांसमोर वाचा ते आकडे! माझ्या अशिलांच्या मापाशी जुळवून पाहू. दूध का दूध होऊन जाऊ दे."

मालकांनी त्यांचा कोट मागून ओढला.

"थांबा हो जरा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"घाबरू नका," वकील म्हणाले. "जुळणार नाहीत."

"कशाला जुळतील?" मालकीणबाई म्हणाल्या. "यांची कंबर चौतीस. लग्नापासून. वाचा बिनधास्त. पँटीत आकडा आहे आतून, हवं तर दाखवतो."

अधिकारी बाईंनी मावशींकडे पाहिलं. "उसवायचं का? कात्री आहे?"

मावशींच्या पिशवीत कात्री नेहमीच असते. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली, पण हात मागे घेतला. "टाके कच्चे आहेत, एका ओढीत निघतील. पण ज्याचं पान त्याला विचारा. तो हो म्हणाला तर मी उसवते."

पंखा कुरकुरत होता. मालक एकदा कात्रीकडे बघत होते, एकदा बायकोकडे. त्यांनी सवयीने पोट आत ओढून घेतलं होतं, आणि ते फार वेळ तसं धरता येत नाही हे मावशींइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"उसवायला नको," ते शेवटी म्हणाले. "माझंच पान आहे ते."

"म्हणजे आपण या बाईंकडे कपडे देत होता?"

"देत होतो."

"किती वर्षं?"

"लिहिलंय ना त्यात."

"आणि नऊ एप्रिलला जिन्याने वर गेलात?"

"लिफ्ट बंद होती," मालक म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. वकील खाली बसले. त्यांनी आपले कागद नीट रचायला घेतले. ते आधीही नीटच होते.

"पण तुमच्या पँटी तर मी विकत आणते," मालकीणबाई म्हणाल्या. "या बाईंकडे कशाला?"

मालकांनी मावशींकडे पाहिलं. ती नजर खोलीतल्या सगळ्यांनी पाहिली.

"पाय आखूड करायला," मावशी म्हणाल्या. "लांब असतात त्यांना."

त्या दिवसभरात मावशी एवढंच एक खोटं बोलल्या.

नोटीस रद्द झाली. निकालात लिहिलं होतं, की अठरा वर्षं माहीत असलेली गोष्ट तक्रारीनंतर अठराव्या दिवशी खुपू लागली, याला सूड म्हणतात. आणि महिन्याच्या आत लिफ्ट, पाणी, दिवा पूर्ववत करावेत. मावशींनी टेबलाच्या पायाखालची नोटीस काढली आणि तिचा कोरा अर्धा भाग खडूने खुणा करायला वापरला. बाहीचं त्यांनी अधिकारी बाईंना निकाल हातात पडल्यावर, दारात गाठून सांगितलंच.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी पाचव्या मजल्यावरचे आजोबा कोट घालून निघाले. ते पहिल्यांदा खाली आले, आतल्या दोन्ही सूचना सावकाश वाचल्या, वर गेले, आणि पुन्हा खाली आले. मग बागेकडे गेले. कोट त्यांना थोडा सैल झाला होता. त्याला मात्र जिना कारण नव्हता. इतके महिने माणूस नुसता बसून राहिला होता.

जिन्यातल्या खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची तेवढी राहिली, कारण बेकरीवाल्यांच्या सासूबाईंना तिथली वर्दळ आवडू लागली होती.

ऑगस्टमध्ये मालक "पाहणीला" आले. लिफ्टने. हातात पिशवी. दोघंही त्या दिवसाबद्दल काही बोलले नाहीत. मावशींनी कंबर मोजली, वहीत लिहिली, आणि आठवड्याने पँटी नेऊन मालक परत आले ते दुसऱ्याच दिवशी. पिशवी टेबलावर आपटली.

"बटण लागत नाही! दोन्हींचं! मावशी, हा सूड आहे."

मावशींनी पँट उलटी केली, शिवण पाहिली, वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "धाप. अर्धा वजा." माणूस लिफ्टने शांतपणे आला होता, आणि दोन-अडीच महिन्यांच्या सवयीने हाताने अर्धा इंच कापून टाकला होता.

मावशी हसू लागल्या. त्यांना हसताना टाचण्या तोंडात ठेवता येत नाहीत. टाचण्या टेबलाखाली सांडल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मालक म्हणाले.

"काही नाही. चूक माझी आहे. उभे राहा सरळ."

मालक उभे राहिले. मावशी टेबलाखाली वाकल्या, एकेक टाचणी वेचली, आणि क्षणभर लाकडावरच्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट टेकवून बाहेर आल्या. मग टाचण्या ओठांत धरून त्यांनी पट्टी मालकांच्या कमरेभोवती फिरवली.

"या वेळी नीट होईल ना?" मालकांनी विचारलं. "घरी संशय येतोय."

"हं," मावशी म्हणाल्या.

मालकांनी एक मोठा सुस्कारा टाकला, त्यासरशी पोट सुटलं, आणि मावशींनी तेवढ्यात खरं माप घेऊन टाकलं.